खोडवा न देणारं पीक: 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड' खेळून झाल्यावर

मार्च २०२५ मध्ये प्लेस्टेशन प्लस या वर्गणीवर मिळणाऱ्या गेमच्या महिन्याच्या यादीत 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड' दिसला तेव्हा मी आधी बोटांवर महिने मोजले. गेम बाजारात आला ३१ ऑक्टोबर २०२४ ला. म्हणजे ज्याची आम्ही दहा वर्षं वाट बघितली, तो चार महिन्यांत वर्गणीदारांच्या ताटात येऊन पडला. मी सांगलीत एका पतसंस्थेत कर्ज विभागात बसतो. एवढ्या लवकर माल असा निघायला लागला की आमच्याकडे कुणी काही बोलत नाही, फक्त फाईल दुसऱ्या गठ्ठ्यात जाते.

(व्हेल म्हणजे मासा नव्हे, पडदा. माझी मुलगी आठ दिवस 'मासा कधी येणार' म्हणून विचारत होती.)

मार्चएंडच्या गडबडीत नुसता घेऊन ठेवला, खेळायला पावसाळा उजाडला. साठेक तास लागले. जेवणं आटोपली, मुलगी झोपली, की हेडफोन लावून रात्री दहानंतर बसायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बायको पाण्याची बाटली भरायला बाहेर आली, दोन मिनिटं मागे उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, हे लहान मुलांचं आहे ना? मग तिच्यासमोर का खेळत नाही?"

गेमवर १८ वर्षांवरचा शिक्का आहे. रक्त आहे, सेटिंगमध्ये जाऊन नग्नता चालू-बंद करायची सोयसुद्धा आहे. तरीही तिचं काही चुकलं नाही. पडद्यावर गुळगुळीत चेहऱ्यांची, जांभळ्या उजेडात न्हालेली सात माणसं एकमेकांना धीर देत बसली होती. मी काहीतरी पुटपुटलो. पण पुढचे पन्नास तास तेच वाक्य डोक्यात घेऊन खेळलो.

माझी तक्रार कुठून येते ते सांगायला हवं. २०१० साली पुण्यात हॉस्टेलवर असताना याच मालिकेतला पहिला गेम, 'ओरिजिन्स', मित्राच्या कॉम्प्युटरवर खेळलो. रेडक्लिफची गढी. कॉनर नावाच्या पोराच्या अंगात सैतान शिरलाय आणि रोज रात्री गावावर मढी चालून येतायत. पोराला मारलं तर प्रश्न मिटतो. पोराची आई इझोल्ड म्हणते, माझं रक्त घ्या, विधी करा, पण त्याला सोडा. तिसरी वाट तळ्यापलीकडच्या मनोऱ्यात जाऊन जादूगारांची मदत आणायची. ती वाट सगळ्यांत बरी निघते हे आज ठाऊक आहे. तेव्हा वाटलं, आपण तिकडे गेलो आणि मागे पोराने गाव कापून काढलं तर? रात्रीचे दोन वाजलेले, कोल्हापूरचा रूममेट शेजारी वडापावचा कागद चुरगाळत बसलेला. आम्ही आईचा बळी दिला. पोरगं वाचलं. नंतर तळावर पोचलो तर आपलाच साथीदार ॲलिस्टर समोर उभा, आणि त्याने असं झापलं की कान लाल झाले. रूममेट दोन दिवस तेच विचारत होता, "अरे, आईला का मारलंस?"

प्रौढ गेम म्हणजे माझ्या लेखी हे. कपडे आणि रक्त हा किरकोळ भाग. आपण घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना आठवला पाहिजे.

आता व्हेलगार्ड. गोष्ट मिनराथस नावाच्या शहरातून सुरू होते. ही टेव्हिंटर साम्राज्याची राजधानी. आधीच्या तीन गेममध्ये टेव्हिंटरचं नाव निघालं की गुलामांचा बाजार आणि रक्तविद्या करणारे सरदार असंच ऐकलेलं. पंधरा वर्षं ऐकलेल्या गावात शेवटी पोचलो, गल्ल्या पालथ्या घातल्या, छपरांवर चढलो. गुलामगिरी बोलण्यात येते, कागदावर येते, पण समोर उभी राहून आपल्याला अडचणीत टाकत नाही. तीच गत अँटिव्हन क्रोज या मारेकऱ्यांच्या टोळीची. ओरिजिन्समधला झेव्रन सांगायचा की त्याला लहानपणीच या लोकांनी विकत घेतलं आणि छळ करून तयार केलं. इथे तेच क्रोज त्रेविसो शहराचे लाडके रक्षक आहेत, एकमेकांना घरच्यासारखे, कॉफीचे शौकीन. कॉफी वाईट नाही. पण विकत घेतलेली पोरं कुठे गेली?

संवादांचंही तसंच. आपलं पात्र रूक. त्याला बोलायला तीन-चार पर्याय मिळतात: प्रेमळ, गमतीशीर, जरा करडा. करडा निवडला तरी रूक शेवटी समजूतदारच बोलतो. ओरिजिन्समध्ये सोबती चिडून कायमचे निघून जायचे, काही वेळा आपल्यावरच तलवार उपसायचे. गद्दार सेनापती लोगेनला जीवदान दिलं की ॲलिस्टर सोडून जायचा, मग मागे कितीही हाका मारा. व्हेलगार्डमध्ये माणसं नाराज होतात, चार दिवस अबोला धरतात आणि कामाला परत येतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपसारखं. आधीच्या गेममधले आपले निर्णयसुद्धा फक्त तीन विचारतात, तेही तिसऱ्या भागातले. राजा कोण केला, कुणाला मारलं, हे सगळं बासनात.

चांगलं ते चांगलं म्हणतो. लढाई झकास आहे. मी योद्धा घेतला होता. ढाल फेकून ती दोन-तीन टाळक्यांवर आपटत परत हातात आली की दिवसभराच्या थकीत हप्त्यांचा शीण जातो. केस इतके सुंदर हलतात की माझ्या टकलाला वाईट वाटलं. गेम अडखळत नाही, बंद पडत नाही, आणि हल्ली पहिल्या दिवशी अर्धा कच्चा माल मिळायची सवय झालेल्यांना त्याचं मोल कळेल.

आणि एमरिक. प्रेतविद्येचा प्राध्यापक, मिशा नीट, बोलणं जुन्या मास्तरांसारखं, सोबत मॅनफ्रेड नावाचा हिसहिस करणारा सापळा. एमरिक आयुष्यभर मेलेल्यांत वावरला, आणि स्वतःच्या मरणाला घाबरतो. शेवटी त्याला अमर व्हायचं का मॅनफ्रेडला परत आणायचं, हे आपल्याला ठरवावं लागतं. इथे कुणी व्याख्यान देत नाही. एक म्हातारा माणूस हात चोळत उभा असतो, बस.

शेवटचे पाच-सहा तास तर वेगळ्याच कुणी केल्यासारखे आहेत. एका बेटावरच्या मोहिमेत दुसऱ्या तुकडीचा म्होरक्या दोघांपैकी कोण, एवढंच विचारतात. मी सहज एकाचं नाव दिलं, दुकानात 'मोठी पिशवी द्या' म्हणावं तसं. कोण ते सांगत नाही. रात्री दीड वाजता कंट्रोलर खाली ठेवून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. पंधरा वर्षांनी तेच झालं होतं. म्हणजे ही मालिका बनवणाऱ्या बायोवेअरच्या लोकांना हे अजून जमतं. मग आधीचे पन्नास तास असे का?

यावर उत्तर म्हणून बाहेर जे भांडण चाललंय, टाश या पात्राच्या लिंग-ओळखीवरून, त्यात मला फारसा दम वाटत नाही. झेव्रन २००९ मध्ये पुरुषाशीही लगट करायचा, तेव्हा गेम काही मऊ झाला नव्हता. टाशचे प्रसंग मलाही खटकले, पण विषयामुळे नाही. ते ऑफिसातल्या सक्तीच्या प्रशिक्षणासारखे लिहिलेत, समोरचा माणूस चुकीचं वागूच शकत नाही असे.

मला खरं कारण ताळेबंदात दिसतं. धंद्याने दिसतं म्हणा.

आमच्याकडे ऊस तोडला की बुडखा राहतो. त्याला पाणी-खत दिलं की तो परत फुटतो, त्याला खोडवा म्हणतात. लागणीचा खर्च नाही आणि कारखान्याचं बिल चालू. बायोवेअरची मालक इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी मुळात ऊस बागायतदार आहे. तिचा फुटबॉलचा गेम दरवर्षी येतो, आणि त्यात अल्टिमेट टीमसाठी खेळाडूंची पाकिटं विकली जातात. आत कोण निघेल ते फोडल्यावर कळतं. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात कंपनीचा महसूल सुमारे साडेसात अब्ज डॉलर, त्यात अशा चालू राहणाऱ्या सेवांचा वाटा जवळजवळ तीन चतुर्थांश. सगळा खोडवा. याच्या शेजारी ड्रॅगन एज म्हणजे आंब्याची बाग. मालिकेतला तिसरा गेम, 'इन्क्विझिशन', २०१४ ला आला, पुढचा २०२४ ला. इन्क्विझिशन खपला नाही असंही नाही, त्याच्या १ कोटी २० लाखांवर प्रती गेल्याचं त्याचे निर्माते मार्क डॅरा यांनी सांगितलंय, आणि २०१४ च्या गेम ॲवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेमही तोच. पण एकदा विकला की विकला.

म्हणून मग आंब्यालाच खोडवा फुटवायचा प्रयत्न झाला. २०१७ मध्ये या गेमचा पहिला आराखडा गुंडाळून तो अनेकांनी ऑनलाइन मिळून खेळायचा करायचं ठरलं. २०१९ मध्ये बायोवेअरचाच तसला ऑनलाइन गेम 'अँथम' पडला, त्याच वर्षी कंपनीचा एकट्याने खेळायचा 'जेडाय: फॉलन ऑर्डर' चालला, आणि मग गाडी पुन्हा मागे वळवली. दोनदा मोडलेल्या घराच्या विटांनी तिसरं घर बांधलं की कोपरे जुळत नाहीत. मधे ऑगस्ट २०२३ मध्ये पन्नास जणांना नारळ दिला. त्यात वॅरिक हे पात्र लिहिणाऱ्या मेरी कर्बीही होत्या. गेम आल्यावर कंपनीने सांगितलं, तिमाहीत १५ लाखांच्या आसपास लोकांनी खेळला, अपेक्षेच्या जवळपास निम्मे. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रमुख अँड्र्यू विल्सन यांनी निदान काय केलं? लोकांना आता चांगल्या गोष्टीच्या जोडीला एकत्र खेळायच्या जगाची ओढ आहे. आंबा गोड नव्हता, कारण त्याला ऊस लागला नाही!

माणसांना एकत्र वर्षानुवर्षं गुंतवून ठेवायचं असेल तर कुणाचं मन दुखवून चालत नाही. गिऱ्हाईक आई मारल्याच्या अपराधात झोपायला गेलं, तर उद्या पाकीट कोण फोडणार?

वरून कायद्याची भीती. आपल्याकडच्यांना हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये इन्क्विझिशन भारतात आलाच नाही. सरकारने बंदी घातली नव्हती. कंपनीने स्वतःच, इथल्या कायद्यांचा भंग नको म्हणून, विक्री मागे घेतली आणि आगाऊ नोंदणीचे पैसे परत केले. कलम कुठलं ते सांगितलं नाही. लोकांनी तर्क केला तो डोरियन या समलिंगी पात्रावरून, कारण डिसेंबर २०१३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं होतं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते २०१८ मध्ये गेलं. माझी डिस्क न्यू जर्सीच्या मावसभावाने लग्नाला येताना बॅगेत चिवड्याच्या रिकाम्या डब्यात आणली. त्याला वाटलं कस्टमवाले धरतील. कुणी विचारलंही नाही.

दुसरीकडे बघा. 'विचर ३' वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्टने २०१५ ला काढला, त्यातला दारुड्या बॅरन आणि त्याची बायको आठवली तरी पोटात गोळा येतो, आणि मे २०२३ पर्यंत त्याच्या ५ कोटी प्रती गेल्या. बेल्जियमच्या लॅरियनने २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून साधारण साडेनऊ लाख डॉलर घेऊन 'ओरिजिनल सिन' उभा केला. आमच्या भाषेत उचल, फक्त कारखान्याऐवजी खाणाऱ्यांनीच दिलेली. त्याच लॅरियनने पुढे 'बाल्डर्स गेट ३' जवळपास तीन वर्षं अर्धवट अवस्थेत लोकांना खेळायला दिला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण केला. बाल्डर्स गेटचे पहिले दोन भाग कुणाचे? बायोवेअरचे. बाग आपली, कलमं आपली, आंबे शेजारी खातोय. लॅरियनची सूत्रं स्वेन विंके यांच्याकडे आहेत, दर तीन महिन्यांनी बाजाराला आकडे सांगायचे नसतात. तेवढा एक फरक मला पुरेसा वाटतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ५५ अब्ज डॉलरला विकत घ्यायचा करार जाहीर झाला, सौदी अरेबियाचा निधी आणि इतर मिळून. त्यात २० अब्ज कर्ज. हे वाचून ऑफिसात मी मोठ्याने हसलो आणि शेजारच्या टेबलावरच्या भाऊंना समजावून सांगावं लागलं. एवढं कर्ज डोक्यावर घेऊन आंबा लावायला निघालेल्या माणसाची फाईल माझ्याकडे आली, तर मी स्वतः त्याला ऊस लाव म्हणेन.

तर, घ्यावा का? प्लसमध्ये मिळून पडला असेल तर जरूर खेळा, बाजूच्या फुटकळ कामांना फाटा द्या, एमरिक आणि शेवट सोडू नका. पैसे मोजणार असाल तर सेल बघा. ओरिजिन्स खेळला नसेल तर आधी तो घ्या, कॉम्प्युटरवर अजून मिळतो, दिसायला ओबडधोबड आहे, तिकडे लक्ष देऊ नका. पाचपैकी तीन तारे. अर्धा मॅनफ्रेडचा धरून.