गोवर निघालेला बरा, की लस?

इंदूरच्या रामबागेत आमच्या आत्या पोह्यांवर शेव भुरभुरत ठणकावतात, "एकदा गोवर निघाला की जन्माची कटकट मिटली!" खोटं नाही. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १७८१ नंतर थेट १८४६ मध्ये गोवर आला, तेव्हा पहिल्या साथीतून उठलेले म्हातारे सुटले. ६५ वर्षं शरीराला ओळख होती!

लसही तीच ओळख करून देते, दोन डोसांत: पहिला ९ महिन्यांनंतर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. मग फरक कुठे? गोवराचा विषाणू स्मृतिपेशींमध्येच (आधीच्या रोगांची ओळख जपणाऱ्या पेशींमध्ये) शिरून त्या मारतो. गोवर तेवढा लक्षात राहतो. इतर रोगांची कमावलेली ओळख मात्र बरीच पुसली जाते. (घरात घेतलेल्या पाहुण्यानं कपाट रिकामं करावं, तसं.) लसीतला दुबळा विषाणू हे करत नाही.

नातवाला लस टोचून आणली. आत्या अजून फुगलेल्या.