कुडाळहून भाड्याने घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर

आईच्या सीओपीडीसाठी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणाऱ्या जुनाट आजारासाठी, कुडाळच्या एका सर्जिकल दुकानातून आम्ही मिनिटाला ५ लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारा कॉन्सन्ट्रेटर भाड्याने घेतलाय. आईने विडी-तंबाखूला कधी हात लावला नाही. जन्म गेला चुलीपुढे, पावसाळ्यात ओली लाकडं फुंकण्यात. आमच्या वाडीतल्या किती बायकांची छाती अशीच गेली आहे.

मशीन चांगलं आहे. खोलीतल्या हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजात अडकवून ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन देतं. आवाज होतो, पण लांब नळी घेऊन ते पडवीत ठेवलं की झोप मोडत नाही.

खरं कौतुक बसवायला आलेल्या मुलाचं. त्याने आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, फ्लो मिनिटाला दीड लिटरवर लावला आणि आईला बजावलं, "काकी, डॉक्टरांनी सांगल्याशिवाय ह्यां बटन फिरवूचां नाय. ऑक्सिमीटरवर ९० दिसले तरी घाबरूचां नाय." त्याआधी दुसऱ्या एका दुकानाने फोनवर सांगितलं होतं, "सरळ ५ वर ठेवा, जास्त ऑक्सिजन कधीही चांगलाच." आईसारख्या पेशंटला हा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निरोगी माणसाचा श्वास मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर चालतो. तो जरा वाढला की मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र वेग वाढवतं. ऑक्सिजनवर पहारा ठेवतात मानेतल्या कॅरॉटिड बॉडी. डोक्याकडे जाणारी धमनी जिथे दुभागते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठी असतात, त्याच या. बेल्जियमच्या कॉर्नेल हेमान्स यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून त्यांचं काम दाखवलं आणि त्यांना १९३८ चं नोबेल मिळालं. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ६० मिलिमीटरच्या खाली, म्हणजे ऑक्सिमीटरवर साधारण ९० च्या खाली गेला, की या गाठी मेंदूकडे जोरात संदेश धाडतात आणि श्वास वाढतो. त्याच्या वर असताना त्या बऱ्याच शांत असतात.

आईच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड कायमच साचलेला असतो. मेंदूला त्याची सवय झालीय, त्यामुळे ऑक्सिजन कमी असल्याच्या इशाऱ्याला तिच्या बाबतीत जास्त किंमत आहे. भरमसाट ऑक्सिजन दिला की तो इशारा मंदावतो. शिवाय फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिकडे उगाच रक्त वळतं, आणि हे कारण तर त्याहून मोठं मानतात. मग कार्बन डायऑक्साइड चढतो, डोकं दुखतं, गुंगी येते, आणि ऑक्सिमीटरवर मात्र ९८ बघून घरचे खूश असतात! म्हणूनच डॉक्टरांनी आईसाठी ८८ ते ९२ ची मर्यादा आखून दिलीय.

पेशंट गुंगला, सकाळी डोकं धरून बसला तर आकड्यावर विसंबू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि घाबरून ऑक्सिजन एकदम बंदही करू नका.

आता दुकानाबद्दल. अनामत वेगळी घेतात, पावती देतात. वादळात लाइट जाते म्हणून भरलेला सिलिंडर त्यांनी न मागता सोबत पाठवला. दमट, खारट हवेमुळे फिल्टर दर आठवड्याला धुवायला सांगितलं, पण ह्युमिडिफायरच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं हे मला विचारावं लागलं. रविवारी फोन लागत नाही; त्या दिवसासाठी एखादा नंबर त्यांनी द्यायलाच हवा. तोवर घरात भरलेला सिलिंडर असल्याशिवाय यांच्याकडून नुसतं मशीन घेऊ नका.