माझ्या घड्याळातली २९ फेब्रुवारी

२०२५ च्या फेब्रुवारीला २९ तारीख नव्हती. १ मार्चच्या सकाळी माझ्या मनगटावर मात्र ती दिसली आणि पोटात गोळा आला.

बाबांच्या एचएमटी जनताला रोज चावी देत मी मोठा झालो. यांत्रिक घड्याळांचं वेड तिथूनच लागलं आणि पुढे पर्पेच्युअल कॅलेंडरवर, म्हणजे तारीख आपोआप अचूक दाखवणाऱ्या घड्याळावर, जीव जडला. बॅटरी नाही, चिप नाही. नुसत्या चाकांना कुठला महिना किती दिवसांचा आणि कुठलं वर्ष लीप हे ठाऊक असतं. २१०० हे लीप वर्ष नाही, म्हणून तेव्हा तारीख हाताने सुधारायची. तोवर मी नसेन, घड्याळ असेल. याच विचाराने मी भुललो.

जानेवारीत ऑनलाइन जाहिरात दिसली. असंच जुनं स्विस घड्याळ, ३ लाख ८० हजार. नवं घ्यायचं तर याच्या कितीतरी पट. माणूस रात्री साडेनऊला ठाण्यात तलावपाळीवर भेटला. तिशीतला, बोलायला गोड. "दादा, आजोबांचं आहे. घरात आजारपण आहे, म्हणून काढतोय." मी बाजूची बटणं दाबायला गेलो तर त्याने हात धरला. "रात्री नऊ ते पहाटे तीन दाबू नका, आतले दात तुटतात."

हे खोटं नव्हतं. त्या वेळात तारीख पुढे नेणारी चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, हे मला माहीत होतं. म्हणून तर मी विश्वास टाकला. भेटीची वेळ त्यानेच ठरवली होती, हे फार उशिरा लक्षात आलं. पैसे पाठवले ते खातंही दुसऱ्याच नावाचं होतं. "बायकोचं आहे," म्हणाला.

नौपाड्यातल्या घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावून तबकडी उचलली. लीप वर्षाचा काटा चक्क चिकटवलेला. महिन्याचा काटा फक्त बटणाने सरकायचा, तारखेशी त्याचा संबंधच नाही. काकांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: खऱ्या घड्याळात बहुतेक वेळा चार वर्षांत एक फेरी घेणारं, ४८ महिन्यांचं चाक असतं. ३० दिवसांच्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल, लीपच्या फेब्रुवारीला किंचित कमी खोल. चाकावर टेकलेली पट्टी खाचेत जितकी उतरते, तितक्या तारखा महिनाअखेरीस गाळल्या जातात. माझ्या घड्याळात ते चाकच नव्हतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, पोलिसांत तक्रार दिली. महिना उलटला होता, खातं रिकामं झालं होतं.

असं घड्याळ घेणार असाल तर दिवसाढवळ्या जाणकार कारागिराच्या दुकानात भेटा. साध्या वर्षाची २८ फेब्रुवारी त्याच्याच हातून लावून घ्या आणि काटे मध्यरात्रीपुढे न्यायला सांगा. १ तारीख आली नाही तर उठा.

गेल्या आठवड्यात तसंच घड्याळ पुन्हा जाहिरातीत दिसलं, या वेळी वाशीत. गिऱ्हाईक म्हणून चौकशी केली, तर भेटायची वेळ रात्री साडेनऊचीच. तो स्क्रीनशॉट पोलिसांना दिला आहे.