पाव मीटरसुद्धा हसून कापून देणारं दुकान

छंदाच्या माणसाला थोडंच विकायला तयार असलेलं दुकान लागतं. पाव मीटर कापड, दोऱ्याची एकच लडी, दोन बटणं, वीतभर लेस. घरबसल्या मागवायला गेलं की शंभर रंगांचा डबा येतो. त्यातले निम्मे रंग कधी वापरात येत नाहीत आणि आपल्याला हवा असलेला फिका जांभळा नेमका त्यात नसतो. दादर पश्चिमेला, रानडे रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत एक मॅचिंग सेंटर आहे. या उन्हाळ्यात माझे सगळे उद्योग त्या दुकानाच्या जोरावर चालले, म्हणून त्याच्याबद्दल लिहिते आहे. पाटीवर मालकांचं आडनाव आहे, ते त्यांना न विचारता इथे देत नाही. दाराशी फॉलची चळत, वर दोरीवर खणाचे तुकडे, आत भिंतभर रुबिया, पॉपलिन आणि अस्तराचे तागे रंगवार लावलेले, आणि काउंटरच्या मागे दोऱ्यांचं जुनं लाकडी कपाट. प्रत्येक रंगाला वेगळा ड्रॉवर.

माझे उद्योग काय, तेही सांगते. मी माटुंग्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. एप्रिलमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा आणि मे महिन्यात डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या सामानाची नोंदवही, त्यामुळे मुलांना असते तशी सुट्टी आम्हाला नसते. तरी यंदा मनाशी ठरवलं होतं की मुंबईत उन्हाळ्यात फुलणारी झाडं कापडाच्या एकेका चौकोनावर भरायची. बहावा, ताम्हण, गुलमोहर, सोनमोहर. शिवाय रविवारी सासूबाईंबरोबर गोधडी. शिवाय शिबिरातून आल्यापासून मुलाला कापडी बाहुल्यांचं वेड लागलं आहे आणि त्याच्या राक्षसाला हिरवी कातडी हवी आहे. हे सगळं भांडुपच्या घरात, जेवणं आवरल्यापासून डोळे मिटेपर्यंतच्या वेळात. माटुंग्याहून घर एका दिशेला आणि दादर दुसऱ्या दिशेला एक स्टेशन. ते एक स्टेशन मी हौसेनं उलटं जाते.

बहाव्याचा पिवळा आणि सोनमोहराचा पिवळा एक नाही. बहाव्याचे घोस खाली लोंबतात आणि त्यांचा रंग लिंबाकडे झुकतो. सोनमोहराचे तुरे वर उभे राहतात, पाकळ्या चुरगळलेल्या, रंग गडद सोनेरी. रस्त्यावर सडा पडतो तेव्हा तो आणखी गडद दिसतो. झाडाखाली पडलेल्या पाकळ्या मी कागदाच्या घडीत ठेवून दुकानात नेते. पहिल्यांदा ती घडी उघडून समोर धरली तेव्हा दुकानातल्या काकांनी काहीही न विचारता पिवळ्यांचा अख्खा ड्रॉवर काउंटरवर ठेवला. मग म्हणाले, "ताई, इथे ठरवू नका. उजेडात चला." पाच-सहा लड्या मुठीत घेऊन ते स्वतः पायरी उतरून रस्त्यावर आले. आत साडी घेऊन दोन बायका थांबल्या होत्या. त्याही मागोमाग बाहेर आल्या आणि पाकळीवर आपापलं मत देऊ लागल्या. उन्हाळ्यातल्या माझ्या सगळ्यात आनंदाच्या क्षणांपैकी तो एक. अनोळखी चार माणसं फुटपाथवर उभी राहून एका पाकळीसाठी पिवळा रंग शोधत होती.

रंग बाहेर नेऊनच ठरवायचा, हा त्या दुकानाचा नियम आहे आणि त्याला पक्कं कारण आहे. उन्हात दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबी, म्हणजे प्रकाशातले निरनिराळे रंग, जवळजवळ सलग असतात. ट्यूबच्या उजेडात काही ठरावीक तरंगलांबींवर जोर असतो आणि मधल्या कितीतरी फिक्या असतात. दोन निरनिराळ्या रंगद्रव्यांत बुडवलेलं सूत ट्यूबखाली हुबेहूब सारखं दिसू शकतं. मग उन्हात सगळ्या तरंगलांबी मिळाल्या की फरक उघडा पडतो. प्रयोगशाळेत आम्ही याचं टोकाचं उदाहरण रोज बघतो. सोडियमच्या दिव्यात जवळपास सगळा प्रकाश 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषांत असतो, म्हणून त्याच्यापुढे लाल ओढणी काळपट होते. काकांनी हे साड्यांवर ब्लाउज जुळवता जुळवता आत्मसात केलं आहे आणि रंगाच्या बाबतीत त्यांची नजर चुकलेली मी पाहिलेली नाही. मोबाइलमधला फोटो मात्र ते बघतही नाहीत. "वस्तू आणा," एवढंच म्हणतात.

ताम्हणाच्या वेळी खरी परीक्षा झाली. आपलं राज्यफूल, पण भरायला अवघड. पाकळ्यांना झालर, आणि फूल उमलतं तेव्हा गडद असलेला जांभळा-गुलाबी रंग दिवसागणिक उतरत जातो, त्यामुळे एकाच तुऱ्यात खाली फिकी फुलं आणि वर गडद. माझ्याकडे दोन टोकांच्या छटा जमल्या, मधली कुठेच मिळेना. काकांनीच तोडगा दिला. सुईत दोन पदर घ्यायचे, एक या लडीचा आणि एक त्या लडीचा. टाके पडल्यावर हातभर अंतरावरून पाहिलं तर डोळा ते दोन्ही रंग मिसळून मधली छटा बघतो. रात्री घरी पहिली पाकळी अशी भरून झाली आणि मी रिंग भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिली. छटा मिळाली होती. मुलाला झोपेतून उठवून दाखवावंसं वाटलं, इतका आनंद झाला.

ज्यांनी भरतकाम नुकतंच हातात घेतलं आहे त्यांच्यासाठी दोऱ्याबद्दल थोडं. अशी एक लडी साधारण आठ मीटरची असते आणि दोरा सहा पदरांचा. बारीक कामाला एक किंवा दोन पदर पुरतात. पदर एकेक करून ओढायचे आणि मग हवे तेवढे एकत्र घ्यायचे. दोन एकदम ओढले की गुंता होतो. दोरा बोटांपासून कोपरापर्यंत, एवढाच कापायचा. जास्त लांब घेतला तर कापडातून पुन्हा पुन्हा जाताना त्याची चमक घासून जाते. सुती दोऱ्याला ही रेशमी चमक मुळात येते ती कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेमुळे. 1844 मध्ये जॉन मर्सर या इंग्रज माणसानं ती प्रक्रिया शोधली, आणि 1890 च्या सुमारास होरेस लो यानं सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली तेव्हा खरी झळाळी आली. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हेही लक्षात ठेवा. या दुकानात सुया पाकिटातून काढून सुट्या देतात, ही फार मोठी सोय आहे.

गुलमोहराच्या पाच पाकळ्यांपैकी चार लालभडक आणि एक उभी पाकळी वेगळी, पांढरट, तिच्यावर लाल ठिपके. मी पांढरा दोरा मागितला तर काउंटरवरची मदतनीस मुलगी म्हणाली, "पांढरा नको ताई, मोतिया घ्या, लालाशेजारी तोच पांढरा दिसेल." तिचं बरोबर होतं.

या दुकानात आपली पाळी येईपर्यंत थांबण्यातही सुख आहे. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. कुणाला आबोली हवा, कुणाला चिंतामणी, कुणाला मोरपंखी "पण हिरव्याकडे जाणारा". एक आजी आमसुली रंगाचं अस्तर मागत होत्या आणि समोर आलेलं प्रत्येक अस्तर त्यांना वांगी वाटत होतं. काकांनी पाचवा तागा काढला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि सगळ्या रांगेला बरं वाटलं. एकदा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणारा एक मुलगा आला होता. त्याला कॉलेजच्या कामासाठी खणाचे निरनिराळे तुकडे हवे होते, प्रत्येकी चार बोटं रुंद. त्यालाही तेवढेच कापून दिले.

माझ्या सासूबाईंना मी मुद्दाम एकदा तिथे घेऊन गेले. सासरे लोअर परळला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा कधी नीट चालली नाही. घरात आलेलं प्रत्येक कापड सासूबाई अजून अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून बघतात. गोधडीच्या वरच्या थरासाठी कापड घेताना त्यांनी काकांना विचारलं, "टू बाय टू आहे का?" म्हणजे ताणा आणि बाणा दोन्हीकडे दुहेरी पिळाचं सूत. काकांनी "आहे" म्हटलं. पण सासूबाईंना भेसळ नको होती, म्हणून त्यांनी जाळून बघायला काठाचं एक सूत ओढून घेऊ का, असं विचारलं. काकांनीच देवाजवळची काडेपेटी पुढे केली. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी राहते. राख झाली. त्या दिवसापासून सासूबाई त्या दुकानाच्या आहेत. उन्हाळ्यात घामाच्या अंगाशी गोधडी लागते, तेव्हा आतबाहेर निव्वळ सुतीच हवं हा त्यांचा आग्रह मला पूर्ण पटतो. आतल्या थरांना घरच्या जुन्या नऊवारी आणि वरच्या चौकोनांना दुकानातले कटपीस, असं आमचं ठरलं आहे. कटपीसची टोपली पायरीशेजारी असते. मुलाच्या राक्षसाची शेवाळी कातडी तिथेच सापडली.

आता उणं काय, तेही. दुकानात दोन माणसं शेजारी उभी राहिली की तिसऱ्याला पायरीवर थांबावं लागतं. पंखा काउंटरच्या आत फिरतो, आपल्यापर्यंत वारा येत नाही. शनिवारी संध्याकाळी शांतपणे रंग बघणं अशक्य. सोमवारी बंद. कापलेलं कापड परत घेत नाहीत, ते योग्यही आहे, पण माप घरून घेऊन जा. क्रॉस स्टिचसाठी लागणारं मॅटीचं कापड फक्त दोन-तीन रंगांत असतं. त्याची निवड हवी असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगलदास मार्केटमध्ये जावं, आणि मणी-टिकल्यांचं काम असेल तर भुलेश्वरला. लोकर तर इथे नाहीच.

थोडं थोडं विकत घेण्यालाही एक मर्यादा आहे आणि ती काका आपणहून सांगतात. मोठा भाग एकाच रंगानं भरायचा असेल, आकाश किंवा जमीन, तर सगळ्या लड्या एकाच वेळी घ्या. नंबर तोच असला तरी रंगाईचा घाणा बदलला की छटा किंचित हलते, आणि ती रेघ शेवटपर्यंत डोळ्यांत खुपते. लडीवरची नंबराची कागदी पट्टी दोरा संपेपर्यंत जपायची. गडद लाल, मरून आणि निळा दोरा वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचा, फडक्याला रंग लागला तर तो दोरा फिक्या कापडावर नको. कापडही भरायच्या आधी एकदा धुऊन घ्यायचं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि दोरा तेवढा आटत नाही, मग टाक्यांभोवती सुरकुत्या पडतात. हा सल्ला मला खरेदी करताना, काही विकायच्या हेतूशिवाय मिळाला, म्हणून इथे तसाच देते आहे.

किमतींबद्दल तक्रार नाही. एक लडी कटिंग चहाच्या आसपास पडते. पाव मीटर कापडाला मीटरच्या दराच्या बरोबर चौथा भाग घेतात, लहान मापाचे जास्त पैसे लावत नाहीत. बिल कितीही लहान असो, वस्तू वर्तमानपत्राच्या पुडीत नीट बांधून देतात. परतीच्या गाडीत तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाली तर मी ती पुडी तिथेच उघडते. शेजारच्या बायका लड्या हातात घेऊन बघतात आणि घाटकोपरपर्यंत कुणीतरी आपल्या आईचा रुमाल, आजीचं कसुती भरतकाम असं काही सांगत राहतं. दिवसभर प्रॅक्टिकलच्या याद्या जुळवून आलेल्या डोक्याला तो अर्धा तास पुरतो.

कुणी जाऊ नये, तेही सांगते. ज्यांना दहा वाराचा एकगठ्ठा माल हवा, किंवा ज्यांना पाच मिनिटांत काम उरकायचं आहे, त्यांच्यासाठी हे दुकान नाही. बाकी कुणीही जावं. भरतकाम, गोधडी, बाहुल्या, पुस्तकांना कापडी पुठ्ठे, काहीही करत असाल तरी. जो रंग जुळवायचा ती वस्तू बरोबर न्या. पाव मीटर मागताना संकोच करू नका. आणि वेळ उजेडाची निवडा. मे महिन्यात साडेसहापर्यंत गल्लीत चांगला प्रकाश असतो, दिवाळीनंतर जाणार असाल तर पाचच्या आत पोहोचा.