कांद्याच्या डोंगळ्यावरची मधमाशी ओळखायला दहापट भिंग: दोन हंगामांचा अनुभव

मेन रोडला घड्याळदुरुस्तीचं सामान मिळतं, तिथून हे घडीचं दहापट भिंग साडेचारशेला घेतलं. त्याआधी दुसरीकडून दीडशेचं आणलं होतं. त्यावर तीसपट छापलेलं, पण कडेला निळी-पिवळी झाक यायची आणि मधलंही धूसर. आकड्याला भुलू नका.

आमचा निफाडकडे कांदा, बी घरचंच धरतो. फेब्रुवारीत शेजारच्या शिवारात मेलिफेराच्या, म्हणजे पाळीव परदेशी मधमाशीच्या, पेट्या भाड्यानं येतात. आमच्या डोंगळ्यावर, म्हणजे बियाण्याच्या कांद्याच्या फुलोऱ्यावर, बसलेली माशी त्यांची की आपली देशी सातेरी? मेलिफेरा जरा थोराड, पण उडत्या माशीचं माप कोण घेणार! आणि आपणही पेट्या आणायच्या का, हे त्यावरच ठरणार होतं.

माशी डबीत धरून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की सुस्तावते. मग पांढऱ्या कागदावर मागचा पंख सुईनं अलगद पसरायचा. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि माशी अडीच सेंटिमीटरवर आणायची. लोक भिंग हातभर लांब धरतात आणि काही दिसत नाही म्हणतात. आधी दिसतात ते मागच्या पंखाच्या पुढच्या कडेवरचे इवले आकडे, त्यांनीच तो पुढच्या पंखात अडकतो. मग शिरा. सातेरीत एक शीर जोडाच्या पुढे आणखी थोडी जाते. मेलिफेरात तो तुकडाच नाही. बस्स, एवढाच फरक, पण पक्का. पाहून झालं की माशी उन्हात ठेवायची, आपसूक उडून जाते.

पहिल्या दिवशी वीस पाहिल्या, तेरा सातेरी निघाल्या. सासऱ्यांनी स्वतः भिंग लावून पाहिलं. पेट्या सांगितल्या नाहीत, फुलोऱ्यात फवारणी मात्र कटाक्षानं बंद ठेवली.

शेवग्यावरच्या काळ्या भुंग्याला पुतण्या बंबलबी म्हणायचा. त्याला भिंगातून दाखवलं: पोट वरून चकचकीत, म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगा. बंबलबीचं पोट केसाळ असतं, आणि आपल्या देशात ती हिमालयाच्या थंडीतली. तिच्या जवळजवळच्या जाती ओळखायला डोळ्याखालच्या गालाची लांबी बघतात, तिथेही हेच भिंग चालेल.

खोट एकच: घडीचा स्क्रू महिन्याभरात ढिला होतो. चष्म्याच्या पेचकसानं आवळते. दोरी सोबत येत नाही, मी काळा गोफ ओवून गळ्यात घालते.