10×50 दुर्बीण आणि रूपविकारी तारे : देवगडच्या कातळावरचा एक मोसम

दसऱ्याच्या आसपास 10×50 ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि 50 मिलिमीटरच्या भिंगांची, दोन्ही डोळ्यांनी पाहायची पोरो प्रिझम दुर्बीण घेतली आणि पाऊस लागेपर्यंत सलग वापरली. घेतली ती एकाच कामासाठी. रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं असे तारे, नेमाने पाहायचे आणि त्यांची प्रत, म्हणजे तेज सांगणारा आकडा, नोंदवायची; हा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. देवगड, मालवण, रत्नागिरी, गुहागर असे आम्ही काहीजण मिळून हे करतो आणि नोंदी अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्वर्स, म्हणजे एएव्हीएसओ या 1911 सालापासून चालत आलेल्या संस्थेकडे पाठवतो. नोंदी पाठवायला सभासद व्हावं लागत नाही, निरीक्षक म्हणून एक संकेताक्षर तेवढं घ्यावं लागतं. या कामाला दुर्बीण पुरते, टेलिस्कोप लागतोच असं नाही, हे माझं मत आता पक्कं झालं आहे. कोकणच्या हवेत ती टिकवायची मेहनत मात्र मोठी आहे.

आधी प्रत्यक्ष काम सांगते. माझ्या दुर्बिणीतून एका वेळी साडेसहा अंश आकाश दिसतं. सिंह राशीतला आर लिओनिस हा तारा मघेच्या तेजस्वी ताऱ्यापासून पाचेक अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे दोघेही एकाच दृश्यात मावतात. मार्चअखेर रात्री साडेनऊ-दहाला तो आमच्याकडे जवळजवळ डोक्यावर असतो. खळ्यात आरामखुर्ची टाकायची, कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवायचे आणि मघा पूर्वेच्या कडेला सरकवायची. पश्चिमेच्या बाजूला एक लहानसा त्रिकोण दिसतो. 18 सिंह आणि 19 सिंह या क्रमांकांचे दोन तारे आणि तिसरा आपला लाल आर लिओनिस. 18 ची प्रत साधारण 5.7, 19 ची 6.4. आपला तारा या दोघांच्या मध्ये कुठे बसतो, एवढंच ठरवायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो हळूहळू जास्त तेजस्वी भासू लागतो. म्हणून नजर झटकन टाकायची, शेजाऱ्याकडे न्यायची, पुन्हा त्याच्याकडे आणायची. फोकस किंचित बिघडवला की ताऱ्यांच्या चकत्या होतात आणि तुलना बरीच सुधारते. शिवाय दोन तारे एकाखाली एक दिसत असतील तर नजर फसते, म्हणून मान वळवून त्यांना जोडणारी रेघ डोळ्यांच्या रेघेला समांतर आणायची. अशा एका रात्री मी 6.1 लिहिलं. मालवणच्या ताईंचं 6.0 आलं, गुहागरच्या सरांचं 6.2. आमचा एक नियम आहे : सगळ्यांनी वहीत लिहिल्याशिवाय ग्रुपवर कोणीही आकडा टाकायचा नाही. दुसऱ्याचा आकडा कानावर पडला की आपला डोळा तिकडेच झुकतो. हा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याच्यामुळेच तीन निरीक्षणं खरोखर तीन राहतात.

दुर्बिणीचा आणखी एक फायदा म्हणजे चित्र सुलटं दिसतं. नकाशा वर उत्तर, डावीकडे पूर्व असा छापलेला असतो, तो तसाच आकाशाशी जुळतो. नकाशावर 6.4 ऐवजी नुसतं 64 लिहितात, दशांशाचा ठिपका तारा समजला जाऊ नये म्हणून.

मार्चअखेरच्या त्याच वेळी दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम दहा-अकरा अंशांवर आर कॅरिनी हा आणखी एक रूपविकारी तारा असतो. याचाही आवर्तकाळ, म्हणजे तेजाचा एक चढउतार पूर्ण व्हायला लागणारा वेळ, आर लिओनिससारखाच तीनशे दहा दिवसांच्या आसपास. उत्तर युरोपातून तो कधीच दिसत नाही, आमच्या सड्यावरून दिसतो, याचं मला फार अप्रूप आहे. पण एवढ्या खाली हवेचा थर जाड, त्यात समुद्रावरची आर्द्रता आणि मासेमारी बोटींचे दिवे. मतलई वारा सुटून हवा मोकळी झाली तरच नोंद घ्यावी, आणि तुलनेचे तारे त्याच उंचीवरचे निवडावेत. वरचा तारा घेतला तर आर कॅरिनी उगाच मंद ठरतो.

जिथे दुर्बीण उपयोगी नाही तेही सांगते. मृगातला काक्षी किंवा अल्गोल यांच्या तुलनेचे तारे आकाशात लांब लांब विखुरलेले, एका दृश्यात मावतच नाहीत. ते नुसत्या डोळ्यांनीच पाहावेत. 2020 च्या फेब्रुवारीत काक्षी 1.6 प्रतीपर्यंत उतरला होता, रोहिणीपेक्षाही मंद. तो फरक जगभरच्या हौशी निरीक्षकांनी नुसत्या डोळ्यांनी टिपला.

अल्गोल हा जोडतारा आहे, त्यातला मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड येऊन होणारं ग्रहण 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी येतं आणि सुमारे दहा तास चालतं. ते आपल्या मध्यरात्री आलं तर अमेरिकेत लख्ख दिवस असतो. इथल्या नोंदींची गरज यातून कळते. आपल्या उपखंडात ही परंपरा जुनी आहे. आताच्या बांगलादेशातल्या जेसोरजवळच्या बागचर गावचे राधागोविंद चंद्र खजिन्यात नोकरी करून रात्री हेच काम करत. त्यांनी हजारो नोंदी पाठवल्या आणि एएव्हीएसओने त्यांच्यासाठी अमेरिकेतून सहा इंची टेलिस्कोप धाडला.

उत्तर मुकुटातला टी कोरोना बोरिआलिस 1866 आणि 1946 मध्ये भडकला, म्हणजे एकाएकी खूप तेजस्वी झाला होता. एरवी तो दहाव्या प्रतीचा, माझ्या आवाक्याबाहेरचा. पूर्ण मोसम तो शांतच होता, तरी ‘दिसला नाही, अमुक प्रतीपेक्षा मंद’ अशी नोंद आम्ही पाठवत राहिलो. भडका उडालाच तर तो कधी सुरू झाला हे अशाच नोंदींवरून ठरतं.

वेळ लिहिताना ज्युलियन दिनांक, म्हणजे महिना-वर्ष न धरता दिवसांची सलग मोजणी, वापरा. तो आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे अख्खी रात्र एकाच दिवसात बसते.

आता निगा. इथल्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, आणि ती आतल्या प्रिझमवर गेली की खर्च हाताबाहेर जातो. मी रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घेतला आणि तळाशी ओल शोषणारी निळी सिलिका जेल ठेवली. ती गुलाबी पडली की जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम करते, पुन्हा निळी होते. स्वयंपाकाचा तवा यासाठी वापरू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. दव पडलेल्या रात्रीनंतर दुर्बीण ओली असताना डब्यात घालायची नाही, आधी पंख्याखाली सुकवायची. खाऱ्या वाऱ्याने बसलेला थर थेट कापडाने पुसला तर कोटिंगवर ओरखडे पडतात. आधी फुंकणीने हवा मारा, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. थंडीत पुढच्या भिंगांवर काळ्या जाड कागदाची नळी गुंडाळली की दव बरंच उशिरा धरतं.

तक्रारी दोन. कडेचे तारे ओढल्यासारखे दिसतात, म्हणून तुलनेचे तारे शक्यतो मधोमध आणावे लागतात. आणि ट्रायपॉडला जोडायचा तुकडा सोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. डोक्यावरच्या ताऱ्यांना खुर्ची पुरते, पण चाळीस-पन्नास अंशांवरच्या ताऱ्यांसाठी हात लगेच थरथरतात, तेव्हा तो घ्याच.

दुकानात पारखताना दुर्बीण उजेडाकडे धरून डोळ्यांपासून वीतभर लांब ठेवा आणि मागच्या भिंगातले प्रकाशाचे गोल बघा. ते पूर्ण गोल असावेत. कडा करड्या, चौकोनाकडे झुकलेल्या दिसल्या तर प्रिझम हलक्या काचेचा आहे, ती घेऊ नका.