कॅरव्हॅनचे सी-टाइप टायर: काही महिने वापरल्यावर

जुन्या टायरची नक्षी शाबूत होती. बघणारे म्हणायचे, "अहो, नवेच तर आहेत, कशाला बदलताय?" पण कॅरव्हॅनचा, म्हणजे कारमागे ओढायच्या फिरत्या घराचा, टायर झिजून क्वचितच जातो, तो जातो वयाने. वर्षातला बराचसा काळ गाडी वजन अंगावर घेऊन एकाच जागी उन्हात उभी. रबर कडक होतं, साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) केसाएवढ्या भेगा पडतात. त्याही कधी कधी आतल्या बाजूने, म्हणजे आडवं होऊन टॉर्च मारल्याशिवाय दिसतच नाहीत. साइडवॉलवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा, टायर कधी बनला ते कळतं: 2318 म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. पाच वर्षं झाली की बदलायची तयारी करायची, सातच्या पुढे ताणायचं नाही. आमचे सात ओलांडून गेले होते, विषय संपला.

नवे घेताना सगळं डोकं लोड इंडेक्सवर, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणाऱ्या आकड्यावर लावलं. आमची गाडी सिंगल अ‍ॅक्सलची, म्हणजे दोनच चाकांची, सामानासकट 1500 किलो. 98 इंडेक्सचा टायर 750 किलो पेलतो, दोन मिळून बरोबर 1500. कागदावर जमतं. पण पाण्याची टाकी, बॅटरी आणि किचन एकाच अंगाला आलं की त्या बाजूचा टायर ओव्हरलोड झालाच. म्हणून 104 इंडेक्सचे, 900 किलोवाले सी-टाइप, म्हणजे व्हॅन-टेम्पोला लागतात तसे मजबूत टायर घेतले. "साइज तीच आहे" म्हणून कोणी कारचे टायर गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा.

फरक जाणवतो. शेजारून ट्रक गेला की मागे जो झोल यायचा तो बराच कमी झालाय. मात्र या टायरना हवा जास्त लागते, त्यामुळे खराब रस्त्यावर दणके चांगलेच बसतात आणि कपाटांची दारं आपोआप उघडतात.

सोबत प्रेशर सेन्सर बसवले, तेही मेटल व्हॉल्व्हवर. साधा रबरी व्हॉल्व्ह सेन्सरच्या वजनाने हलत राहतो, शिवाय इतक्या हवेला तो पुरा पडेलच असं नाही. मागच्या टायरची हवा हळूहळू उतरतेय हे पुढे बसलेल्याला कळत नाही, त्यामुळे मला तर सेन्सर टायरइतकेच गरजेचे वाटतात. चालू गाडीत आकडा चढतो, उन्हाकडच्या बाजूचा जरा जास्तच. तो बघून हवा काढायची नाही. मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना.

फिटिंगचा अनुभव यथातथाच. नट एअर गनने आवळले. किती टॉर्क (आवळायचा जोर) लावला विचारलं तर उत्तर आलं, "फुल्ल!" घरी सैल करून टॉर्क रेंचने पुन्हा बसवले आणि साधारण 50 किलोमीटरनंतर परत तपासले.

पुन्हा घ्यायचे झाले तर हेच घेईन, फक्त बिल करण्याआधी डॉट कोड वाचून. गोदामात दोन वर्षं पडून असलेला टायरही दुकानात नवाच म्हणून विकला जातो. स्टेपनीलाही हाच हिशोब लावा.